आठ दिवस वापरून बघा

चार वाजले की हे तोंड धुतात, केसांवरून फणी फिरवतात आणि समोरच्या घराची बेल वाजवतात. आमच्या लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, पण हा माणूस आपणहून आरशासमोर उभा राहिलेला मला आठवत नाही. कल्याणच्या चाळीत असताना मीच यांना दारात अडवून सांगायची, अहो, भांग तरी पाडा. आता सांगावं लागत नाही.

समोर दर्शनाताई राहतात. वय सहासष्ट, म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी लहान. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा सलिल कॅनडात. जाताना तो आपला व्हिडिओ गेम टीव्हीला जोडलेला तसाच आईकडे ठेवून गेला. हातात एक पांढरा रिमोट धरायचा, त्याची दोरी मनगटात अडकवायची आणि चेंडू टाकल्यासारखा हात फिरवायचा. टीव्हीतला चेंडू घरंगळत जातो आणि पलीकडच्या दहा लाकडी बाटल्या पाडतो. बस्स. यासाठी दोन म्हातारी माणसं रोज दीड तास उभी राहतात.

आणि यांना तिथे पाठवलं कोणी? मीच.

गेल्या वर्षी यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात मात्र जड राहिला. व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. रबरी चेंडू दाबा, काठी वर करा. तीन आठवड्यांनी यांनी तो चेंडू गॅलरीतून खाली टाकला आणि काठी पंख्यावरची जाळी काढायला मला दिली. कोलशेतच्या कंपनीत एकतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. चेंडू दाबत बसणं त्यांना अपमानाचं वाटे. मग एक दिवस लिफ्टमध्ये दर्शनाताई म्हणाल्या, "भाऊ, हाताला व्यायामच पाहिजे ना? या आमच्याकडे, गेम खेळू." हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "जा हो, हात तरी हलेल."

हात हललाच. तो दोष मी देऊ शकत नाही.

दर्शनाताई तेवढा वेळ दार उघडं ठेवतात. परका पुरुष घरात असला की दार लावायचं नाही, ही आमच्या पिढीची रीत, आणि त्यांनी ती काटेकोर पाळली. त्यामुळे बोलायलाही जागा नाही. हे त्यांना 'ताई' म्हणतात, त्या यांना 'भाऊ' म्हणतात. भांडायचं तरी कशावरून? पण उघड्या दारातून मला सगळं ऐकू यायचं. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

"भाऊ, एवढ्या जोरात तर मी भाकरीपण थापत नाही. जरा दम लावा!"

"थांबा ताई, थांबा. हा बघा आता."

"गेला गटारात! कंपनीवाल्यांनी एकतीस वर्षं पगार कशाचा दिला तुम्हाला?"

आणि हे हसायचे. खो खो, ठसका लागेपर्यंत. ते हसणं मी ओळखत होते. चाळीच्या गॅलरीत कॅरम रंगला की हे असेच हसायचे. वारं गेल्यापासून ते हसणं माझ्या घरात आलं नव्हतं. घरी हे हसायचेच नाहीत. मी भात कालवून द्यायची, शर्टाची बटणं लावून द्यायची, पाण्याचा पेला हातात द्यायची; हे 'हं' म्हणायचे. साडेपाचला परत आले की टीव्हीवर बातम्या. मी विचारायची, "कोण जिंकलं?" "ताई." एवढंच. जिंकलेले असले तरी "मी" एवढंच. सगळी गंमत समोरच्या घरात सांडून, रिकामे होऊन घरी यायचे.

मी राजरत्नला फोन केला. आमचा मुलगा, पुण्याला असतो.

"आई, व्हिडिओ गेम? तुला?"

"पप्पांच्या हातासाठी रे."

"पप्पा समोर जातात ना खेळायला?"

"रोज रोज दुसऱ्याच्या घरी बरं दिसतं का?"

तो म्हणाला, "तो जुना मिळत नाही आता. नवीन घ्यावा लागेल, आणि स्वस्त नाहीये. म्हणजे मी घेईन, पैशाचं नाही. पण तुम्ही पंधरा दिवस खेळणार आणि मग त्याच्यावर विणलेला रुमाल पडणार. मिक्सरचं काय झालं? चालायच्या मशीनचं काय झालं?"

चालायच्या मशीनवर मी पापड वाळवते हे खरं आहे. म्हणून मी सांगितलं, विचार करून कळवते.

विचार काय, तो चालूच होता. घ्यावा, तर कशासाठी, हे मला आतून पक्कं माहीत होतं. हे घरी थांबावेत म्हणून. ते हसणं या दारातून बाहेर जाऊ नये म्हणून. पण एवढ्या महागाची वस्तू आणली आणि तरीही चार वाजता हे फणी घेऊन आरशासमोर उभे राहिले तर? मग मला माझ्याच घरात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

माझ्या मनातलं दर्शनाताईंना कसं कळलं कोण जाणे. एका संध्याकाळी त्या दारात आल्या.

"जयभीम, कांताताई. मी आठ दिवस खडवलीला चाललेय, पुतणीचं लग्न आहे. भाऊ म्हणत होते, तुम्ही गेम घ्यायचं म्हणताय. एवढे पैसे आधी कशाला घालता? माझा ठेवा. आठ दिवस वापरून बघा. पटला तर घ्या, नाही तर सोडा."

म्हणजे हे त्यांच्याशी तेही बोलले होते. आणि या बाईने मला राग धरायलाही सोय ठेवली नव्हती. मी म्हटलं, "अहो, कशाला त्रास." त्या तोवर वायर घेऊन आमच्या टीव्हीच्या मागे शिरल्या होत्या.

गेम सुरू झाला आणि पडद्यावर दोन बाहुल्या आल्या. खेळणाऱ्याची म्हणून एकेक बाहुली करायची असते, हे मला तेव्हा कळलं. एक दर्शनाताईंची: पिवळा कुडता, चष्मा, गालावर हसू. दुसरी यांची. पांढरे केस, मिशी, आणि डाव्या भुवईजवळ तीळ. तो तीळ यांच्या चष्म्याच्या दांडीखाली असतो. मला तो लग्नानंतर कितीतरी दिवसांनी दिसला होता.

"यांची बाहुली कोणी केली?" मी विचारलं.

"मीच," दर्शनाताई म्हणाल्या. "छान जमलीय ना? समोर बसवून केली."

त्या गेल्यावरही त्या दोन बाहुल्या आमच्या टीव्हीत शेजारीशेजारी उभ्या राहून डोळे मिचकावत होत्या. माझ्याच हॉलमध्ये. माझी बाहुली कुठेच नव्हती.

"मी काय घेऊ?" दुसऱ्या दिवशी चार वाजता मी विचारलं.

"ताईंचीच घे ना. नवीन करायला वेळ लागतो."

म्हणून मी दर्शनाताई झाले. हे खेळायला उभे राहिले आणि मी पहिल्यांदा जवळून पाहिलं, यांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर जात होता. मागे झुलून पुढे येत होता. त्या हाताची बटणं मी सकाळीच लावून दिली होती. मला भरून आलं. मी ठरवलं, या हाताला हरवायचं नाही. मी चेंडू मुद्दाम कडेला टाकत गेले. एक बाटली, दोन बाटल्या, गटार. हे जिंकले. मी टाळ्या वाजवल्या. "वा! काय हात आहे तुमचा!"

"हं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे चारही डाव जिंकले. तिसऱ्या दिवशी दोनच डावांनंतर म्हणाले, "पुरे." चौथ्या दिवशी चार वाजले तरी हे उठलेच नाहीत. फणी नाही, आरसा नाही. गॅलरीत खुर्ची टाकून खाडीकडे बघत बसले.

"खेळायचं नाही का?"

"तू मुद्दाम हरतेस."

"नाही हो, मला जमतच नाही ते."

"कांता, मी आजारी आहे, खुळा नाही." मग म्हणाले, "आणि ताईंचे गुण बघ किती उतरवलेस. इतके महिने खेळून मिळवलेले. बाहुली त्यांची आहे ना, हरलीस तू, पण पडल्या त्या. आल्यावर त्यांना काय सांगायचं?"

त्यांना काय सांगायचं! मी उभी होते ती तशीच स्वयंपाकघरात गेले. तीन दिवस मी या माणसाचं मन राखायला हरत होते, आणि यांना काळजी कोणाच्या गुणांची? हे जेवून आडवे झाले, पण मला झोप कसली लागतेय. टीव्ही लावला. ती पिवळ्या कुडत्यातली बाहुली गालात हसत उभीच. मी बाण तिच्यावर नेला आणि बटणं दाबत गेले. एका जागी इंग्रजीत प्रश्न आला, ही बाहुली कायमची काढून टाकायची का? जुन्या अकरावीपर्यंत शिकलेय मी, एवढं इंग्रजी मला येतं. चुकून झालं असं मी म्हणणार नाही. मी वाचलं, आणि हो म्हटलं.

ती गेली. यांची बाहुली एकटीच डोळे मिचकावत राहिली. मला आधी बरं वाटलं. पाणी पिऊन परत आले आणि ती परत कशी आणायची म्हणून सगळी बटणं दाबून पाहिली.

सकाळी उठल्यावर यांनी पडदा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कुठलंतरी बटण दाबलं गेलं."

यांनी रिमोट घेतला, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "इथे समोर बस."

"कशाला?"

"बाहुली नको का खेळायला? बस. चष्मा काढ. नको, ठेव."

आणि यांनी माझा चेहरा करायला घेतला. पडद्यावर डोळ्यांचे पंधरा-वीस प्रकार. हे एक निवडायचे, माझ्याकडे बघायचे, मान हलवून दुसरा निवडायचे. "नाक असं नाही. वळ जरा तिकडे. हनुवटी वर." मला लाज वाटायला लागली. बघायला आले होते तेव्हासुद्धा या माणसाने माझ्याकडे इतकं पाहिलं नव्हतं. तेव्हा सगळा वेळ कांदेपोह्याच्या बशीकडे बघत होते. केसांशी येऊन अडले. "अंबाडा नाहीये यात."

"मग शेपटा द्या."

"तुझा शेपटा कधी होता?"

"कल्याणला होता की! कमरेपर्यंत."

"होता," हे म्हणाले. "होता खरा." आणि शेपटा दिला.

मग खेळायला उभे राहिलो. मी ठरवलं नव्हतं, पण रिमोट हातात घेतला आणि मनात दर्शनाताईंचा आवाज आला, जरा दम लावा. राग अजून निवला नव्हता. मी नेम धरला. दहाच्या दहा. पुन्हा नऊ, आणि उरलेली एक कडेने घासून. मग पुन्हा दहा. हे वाकून पडद्याकडे बघायला लागले. तीन डाव झाले, तिन्ही माझे.

"हे कुठे शिकलीस तू?"

"शिकायचं काय त्यात. नेम तो नेम."

"कांता. कुठे शिकलीस?"

मग मी सांगून टाकलं. कल्याणच्या चाळीत यांचा कॅरम भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. रविवारी गॅलरीत पुरुषांचा डाव रंगायचा, आम्ही बायका चहाचे कप आणून द्यायचो आणि वाकून बघायचो. बायकांना खेळ म्हणणारं कोणी नव्हतं; यांनीही म्हटलं नाही. पण सोमवार ते शनिवार हे सकाळी सातला कोलशेतला जायचे ते रात्री आठला यायचे. शेजारच्या रखमाबाई दुपारची भांडी आटपून माझ्याकडे यायच्या, आणि आम्ही दार लोटून खेळायचो. रोज. राणी कोणाची यावरून अबोले धरायचो. चारच्या आत बोर्ड ओल्या फडक्याने पुसून पुन्हा भिंतीला. नऊ वर्षं खेळलो. रखमाबाई गावी जाईपर्यंत.

मला वाटलं हे हसतील. ते खो खो हसतील आणि ठसका लागेल.

हे हसले नाहीत. रिमोट टीपॉयवर ठेवला. "नऊ वर्षं?"

"हो."

"माझ्या बोर्डवर?"

"मग काय, दुसरा होता का?"

"मी महिन्याला पावडरचा डबा आणायचो. म्हणायचो, इतकी पावडर जाते कुठे. तू म्हणायचीस, उंदीर सांडतात."

"हो, म्हणायची."

"कंपनीच्या स्पर्धेला मला जोडीदार मिळत नव्हता, तेव्हा मी महिपतच्या विनवण्या करत फिरत होतो. तो सरळ सोंगटी घालवू शकत नव्हता. आणि तू घरात नऊ वर्षं..." मग "रखमाबाईंबरोबर," एवढं म्हणाले, जसं काही मी रखमाबाईंबरोबर पळून गेले होते.

त्या रात्रीपासून यांनी अबोला धरला. कालवलेला भात बाजूला सारून डाव्या हाताने दुसरा वाढून घेतला. बटणं माझ्या हातून लावून घेतली नाहीत. एक काज चुकून शर्ट तिरका झाला, तरी तसेच फिरले. मी मनात म्हटलं, बघा, कसं लागतं ते. मी हे सहा महिने उघड्या दारातून ऐकलंय. पण खरं सांगते, मला त्यात आनंदही झाला. या वयात माझ्यावरून कोणीतरी जळत होतं.

दर्शनाताई रविवारी आल्या. सोमवारी दुपारी मी गेमचा डबा आणि वायरी पिशवीत घातल्या आणि यांना म्हटलं, "चलता का द्यायला?"

"तू जा. तुला माझ्याशिवाय खेळायची सवय आहे."

मी एकटीच गेले. दर्शनाताईंनी लग्नाचा लाडू पुढे केला. मी तो हातात धरून बसले. सांगितल्याशिवाय खाणं बरं वाटेना.

"दर्शनाताई, तुमची बाहुली माझ्या हातून पुसली गेली."

"गेली, की पुसलीत?"

मी खाली बघितलं. "पुसली."

त्या वायरीची गुंडाळी सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सलिलने केली होती. जायच्या आदल्या दिवशी. बॅगा भरायच्या सोडून हेच करत बसला होता. मी ओरडले त्याला."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. एका बाहुलीला मी बाई समजून भांडले होते. मी म्हटलं, "माफ करा मला. काय झालं होतं, माझं मला कळत नाही."

"मला कळतं," त्या म्हणाल्या. "मी पण सासूच्या हाताखाली नांदलेय, कांताताई. आवाजावरून कळतं, पोळी लाटली जातेय की आपटली जातेय. सहा महिने रोज चार वाजता तुमचं लाटणं ऐकतेय मी. म्हणून तर गेम दिला तुमच्याकडे." वायर टीव्हीला लावून त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. "आता करा माझी. तुम्ही पुसलीत, तुम्हीच करा. मी बसते समोर."

त्या समोर बसल्या. मला त्यांच्याकडे बघावंच लागलं. एवढे दिवस मी त्यांचा नुसता आवाजच ऐकत होते. डोळ्यांखाली काळं होतं, एक पापणी दुसरीपेक्षा खाली, चष्म्याचा दांडा दोऱ्याने बांधलेला. लग्नघरातून आलेल्या, पण कोणी तेल लावून वेणी घातली नव्हती. मी जमेल तसं नीट केलं. नाक मात्र जरा मोठंच ठेवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं आहे?"

"आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या. "मग? घेताय का नवीन?"

"नाही. एका मजल्यावर दोन काय करायचेत?"

"घाबरलात. मला वाटलंच."

"कोण घाबरलं? दोरी अडकवा हाताला."

पहिला डाव त्यांचा. मला हरल्याचा इतका राग येईल असं वाटलं नव्हतं. "लग्नात जेवण मिळालेलं दिसतंय, जोर आहे," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मागच्या जन्मी गोट्या खेळायचात का हो, असा काय हात फिरवता?" दुसरा डाव माझा. शेवटचा चेंडू घासून गेला आणि दहावी बाटली डुगडुगत पडली, तेव्हा मी ओरडलेच. रखमाबाई गेल्यापासून मी अशी ओरडले नव्हते. दर्शनाताई पदराने डोळे पुसत हसत होत्या, आणि मलाही ठसका लागला.

बेल वाजली.

दारात हे. केस विंचरलेले. "काही नाही," हे म्हणाले, "एवढा आवाज कसला, म्हणून आलो."

"या भाऊ," दर्शनाताई म्हणाल्या. "पण बसावं लागेल. तिसरा डाव चाललाय आमचा, तुमचा नंबर त्यानंतर."

"ताई, पण माझा हात..."

"हात काय पळून जात नाही. बसा तिथे."

हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. पडद्यावर आता तीन बाहुल्या होत्या, पण हे पडद्याकडे बघत नव्हते. माझ्या मनगटाकडे, मग कोपराकडे, मग चेहऱ्याकडे बघत होते, नवा खेळाडू आपल्या टेबलावर आला की जुना बघतो तसे.

"कांता, कोपर बाहेर जातंय तुझं," हे म्हणाले.

"गप्प बसा हो. नंबर आला की बोला."

मी नेम धरला, पुन्हा खाली घेतला, चष्मा पुसला, दोरी नीट केली. माझी पाळी होती, आणि मला काही घाई नव्हती.